संघ हरला, दोष कुणाचा : खेळाडूंचा की प्रशिक्षकाचा?



यंदा डिसेंबरात केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेत आमच्या मुलींचा खो-खोचा संघ एका गुणाने हरला. मी निमगाव सावा परिसरातल्या शाळेत शिकवते, खेळाचा तासही माझ्याकडेच आहे. शेवटच्या मिनिटात आमची एक मुलगी खो मिळण्याआधीच उठली. फाउल झाला, शिट्टी वाजली आणि तेवढ्यात समोरची पळणारी मुलगी निसटली. संपला सामना.

मैदानाच्या कडेला एक पालक भेटले. म्हणाले, "मॅडम, पोरी आपल्या चांगल्यात ओ, पण सराव कमी पडला बघा." आवाज साधाच होता, पण मला तो लागला. मी पटकन बोलून गेले, "सराव भरपूर घेतलाय हो मी. ऐकत नाहीत ना सांगितलेलं, त्याला काय करणार?" मागे वळून पाहिलं तर ती मुलगी दप्तराला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्या दोन वाक्यांत हा सगळा वाद आला. पालकांच्या मते दोष शिकवणाऱ्याचा, माझ्या मते खेळणाऱ्याचा. हे फक्त मैदानावर होतं असंही नाही. शिष्यवृत्तीचा निकाल लागला की गावात, शिक्षकांच्या खोलीत आणि व्हॉट्सॲपवर हेच चालतं. म्हणून सातवीच्या वर्गात मी हा विषय चर्चेला ठेवला : संघ हरला तर जबाबदार कोण, खेळाडू की प्रशिक्षक? आपल्याच सामन्यावर बोललो असतो तर त्या मुलीवर सगळ्यांचे डोळे गेले असते. म्हणून उदाहरण फुटबॉलचं घेतलं. फुटबॉल आमच्याकडे तसा नवा. १५ सप्टेंबर २०१७ ला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' झालं, शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले, तेव्हापासून गावातली पोरं तो लाथाडायला लागली. आता तर मुलं मोबाइलवर सामने बघतात. एक जण लगेच म्हणाला, "मॅडम, गोव्यात सिंगापूरनं हरवलं आपल्याला, तो घ्या." तोच घेतला.

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी, भारत विरुद्ध सिंगापूर. चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने गोल केला आणि भारत पुढे गेला. मध्यंतर अगदी तोंडावर आलं असताना सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी साधली. दुसऱ्या डावात अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला आणि आशियाई चषकातून बाहेर पडला. २०१९ आणि २०२३ चे लागोपाठ दोन चषक आपण खेळलो होतो, हा हुकला.

वर्गात लगेच दोन गट पडले. एक गट म्हणाला, गोल खाल्ला खेळाडूंनी, प्रशिक्षक काय मैदानात उतरून अडवणार होता? दुसरा म्हणाला, संघ निवडला कोणी, कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवलं कोणी? दोन्ही बाजू जोरात. एवढ्यावर चर्चा थांबवली असती तर निबंध छान झाला असता, दोन परिच्छेद इकडचे, दोन तिकडचे आणि शेवटी "दोघेही जबाबदार". असा निबंध मीही डी.एड.ला असताना लिहिला असेल. पण त्यातून काही कळत नाही.

मग मी फळ्यावर एक लांब रेघ काढली. उजव्या टोकाला लिहिलं 'अठ्ठावन्नावं मिनिट'. आणि मुलांना म्हटलं, चला, इथून मागे मागे जाऊ.

पाच दिवस मागे. ९ ऑक्टोबरला हेच दोन संघ सिंगापूरला खेळले होते. त्या सामन्यात दुसरा डाव सुरू होताच आपला अनुभवी बचावपटू संदेश झिंगन याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे लाल कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर. दहा जणांनिशी खेळून रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला आणि सामना १-१ सुटला. पण लाल कार्डामुळे झिंगनला मडगावला खेळता आलं नाही. आता बघा, मडगावात प्रशिक्षकाने बचावात झिंगनला उतरवलं नाही, ही त्याची निवड नव्हतीच. ती पाच दिवसांपूर्वीच्या एका खेळाडूच्या चुकीची किंमत होती. आणि त्याच सामन्यात दहा जणांनी बरोबरी खेचून आणली, तीही खेळाडूंचीच कमाई.

अजून मागे. प्रशिक्षक खालिद जमील यांची नेमणूक झाली १ ऑगस्ट २०२५ ला. म्हणजे हातात अडीच महिने. त्यांची पहिली स्पर्धा काफा नेशन्स कप, ताजिकिस्तानात. त्या तारखा फिफाच्या ठरावीक तारखांमध्ये बसत नव्हत्या म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नाहीत. तरी भारताने तिथे ताजिकिस्तानला २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. तेव्हा सगळे म्हणाले, वा, काय प्रशिक्षक आहे! पाच आठवड्यांनी मडगावात तेच जमील 'नापास' झाले. माणूस तोच, वही तीच.

अजून मागे. या पात्रता फेरीतले पहिले दोन सामने जमील यांच्या हातात नव्हतेच. तेव्हा मानोलो मार्केझ प्रशिक्षक होते. बांगलादेशाशी शिलाँगला ०-० आणि हाँगकाँगकडून भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. मार्केझ त्याच काळात एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. एक गुरुजी, दोन शाळा! आमच्याकडे असा 'अतिरिक्त कार्यभार' नवीन नाही, त्यामुळे मला हसू आलं. त्यांच्या आठ सामन्यांत भारताने एकच सामना जिंकला. त्यांच्या आधी इगोर स्टिमाच पाच वर्षं होते. २०२३ मध्ये त्यांच्या संघाने सॅफ स्पर्धा जिंकली, जागतिक क्रमवारीत भारत ९९ व्या स्थानापर्यंत गेला. आणि जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात हाच संघ तीनही सामने हरला, एकही गोल न करता. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडल्यावर त्यांना काढलं.

म्हणजे सव्वा वर्षात तीन प्रशिक्षक. एक क्रोएशियाचा, एक स्पेनचा, एक आपला मुंबईकर. तिघांच्याही हाताखाली एक गोष्ट बदलली नाही : गोल होत नाहीत. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. एवढ्या मोठ्या देशात त्याच्या जागी उभा राहील असा पोरगा सापडला नाही, हा दोष कोणत्या प्रशिक्षकाचा? आणि कोणत्या खेळाडूचा? आपल्या मोठ्या क्लबांत पुढे खेळून गोल करणारी जागा बहुतेक वेळा परदेशी खेळाडूला जाते. देशी पोराला त्या जागेवर सामनेच कमी मिळतात. त्यात जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच थांबवला गेला. ज्या शरद ऋतूत आपण सिंगापूरशी खेळलो, त्या वेळी आपल्या खेळाडूंची नेहमीची लीगच चालू नव्हती. मूल महिना-दोन महिने शाळेत आलं नाही आणि थेट परीक्षेला बसवलं, तर पेपर तपासताना आपण काय म्हणू?

इथपर्यंत आल्यावर एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, कुणाचाच दोष नाही का?" चांगला प्रश्न. तसं नाही. रेघेचा किती तुकडा तुम्ही बघता त्यावर दोषी माणूस बदलतो. एका मिनिटाचा तुकडा घेतला तर खेळाडू दिसतो. एका सामन्याचा घेतला तर प्रशिक्षकाचे निर्णय दिसू लागतात. दहा वर्षांचा घेतला तर दोघंही लहान होतात आणि लीग कशी चालते, पोरांना किती सामने मिळतात हे ठरवणारे लोक दिसतात. भांडण होतं कारण एक जण मिनिटाबद्दल बोलत असतो आणि दुसरा वर्षाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर बोलतोय.

पण पालक आणि मुख्याध्यापक विचारतील, आम्हाला ठरवायचं तर असतं ना, माणूस बदलायचा की नाही? त्याची एक जुनी रीत आहे : एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं. विज्ञानाच्या तासाला आपण दोन कुंड्या घेऊन हेच करतो. फुटबॉलमध्ये असा प्रयोग कोणी मुद्दाम करत नाही, पण कधी कधी आपोआप होतो. आणि गंमत म्हणजे त्यातला एक चांगला प्रयोग याच खालिद जमील यांच्यावर झाला, तोही आपल्या मुंबईत.

जमील मुंबई एफसी या क्लबचे सात वर्षं प्रशिक्षक होते, २००९ ते २०१६. कूपरेजच्या मैदानावरचा हा क्लब, पैसा कमी, मोठी नावं नाहीत. या सात वर्षांत विजेतेपद एकदाही नाही. पण आय-लीगमधून खालच्या श्रेणीतही संघ एकदाही घसरला नाही. २०१६ मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीत गेले. हा ऐझॉल संघ आदल्याच हंगामात खाली घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं गेलं. जमील आले आणि ३० एप्रिल २०१७ ला ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात, जमील नसलेला मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर जाऊन घसरला.

झालं! म्हणजे प्रशिक्षकच सगळं, असं वर्गातली मुलं ओरडली. मी म्हटलं, थांबा. कुंडी नीट बघा. जमील एकटे गेले नव्हते. जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबई एफसीतले खेळाडूही ऐझॉलला खेळले. महमूद अल अमनासारखे चांगले परदेशी खेळाडू होते. म्हणजे बदललेली गोष्ट एक नव्हती. शिवाय तोच माणूस सात वर्षं मुंबईत असताना का जिंकला नाही? प्रशिक्षक तोच असून निकाल वेगळा आला, म्हणजे हाताखालचे खेळाडू आणि भोवतालचं गावही मोजायला हवं. ऐझॉलमध्ये फुटबॉल म्हणजे आमच्याकडे बैलगाडा शर्यत असते तसा, घरादारात. माझं स्वतःचं मत विचाराल तर : चांगला प्रशिक्षक गरीब संघाला बुडू देत नाही, हे मुंबईच्या सात वर्षांवरून मला जास्त पटतं. ऐझॉलच्या एका सोनेरी वर्षावरून तितकं नाही. पण बातमी सोनेरी वर्षाची होते. आपल्याकडे तरी काय, शिष्यवृत्तीत जिल्ह्यात आलेल्या एका मुलाचा फ्लेक्स लागतो. वाचता न येणारी बारा मुलं वर्षभरात वाचायला लागली त्याचा फ्लेक्स कुणी लावलेला मी अजून पाहिला नाही.

आता एक सापळा सांगते, कारण त्यात आपण शिक्षक रोज पडतो. संघ सलग हरला की प्रशिक्षकाला काढतात आणि पुढचे दोन-चार सामने संघ बरा खेळतो. लोक म्हणतात, बघा, काढलं म्हणून सुधारलं. इंग्लंडचा लेस्टर सिटी २०१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखाली अनपेक्षितपणे विजेता झाला. पुढच्याच हंगामात संघ घसरायला लागला, २३ फेब्रुवारी २०१७ ला रानिएरींना काढलं आणि लगेचच्या सामन्यात त्याच खेळाडूंनी लिव्हरपूलला ३-१ हरवलं. मग दोष रानिएरींचाच होता ना? कदाचित. पण त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढावं लागलं.

बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने हे नीट तपासलं. नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे हंगाम घेतले. हरत असताना प्रशिक्षक बदललेले संघ एका बाजूला. तेवढेच वाईट हरत असूनही प्रशिक्षक न बदललेले संघ दुसऱ्या बाजूला. दोन्ही संघ नंतर जवळपास सारखेच सावरले. कारण सोपं आहे. माणसाला काढतात ते सगळ्यात वाईट दिवसांत आणि सगळ्यात वाईट दिवसांनंतर बहुधा थोडे बरे दिवस येतातच. एखाद्या मुलाला नेहमी वीसपैकी बारा मिळतात. एका चाचणीत सहा मिळाले. तुम्ही ओरडलात. पुढच्या चाचणीत अकरा. आपल्याला वाटतं ओरडल्याचा गुण आला. न ओरडताही तो बाराच्या आसपास आलाच असता. उलट एकदा सतरा मिळाले, तुम्ही कौतुक केलंत, पुढच्या वेळी तेरा. आणि आपण म्हणतो, कौतुक केलं की शेफारतात! कितीतरी वर्षं मी स्वतः असंच समजत होते.

आता लहान मुलांकडे येते, कारण वरची सगळी मोठी, पगार घेणारी माणसं आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध आपण ०-१ मागे होतो. ब्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा हा पहिला गोल. स्टेडियम अक्षरशः उसळलं. आणि पुढच्याच मिनिटाला, त्र्याऐंशीव्या, कोलंबियाच्या पेनालोझाने गोल करून सामना २-१ असा नेला.

दोष कुणाचा? मिनिटाचा तुकडा बघितला तर मुलांचा, लक्ष सुटलं. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी देशासाठी असा गोल आयुष्यात पहिल्यांदा केला होता. गोल केल्यानंतरचा एक मिनिट कसा खेळायचा, आनंद कुठे थांबवायचा, ही गोष्ट अनुभवाने किंवा शिकवण्याने येते. अनुभव त्यांना नव्हता. म्हणून माझ्या मते खेळाडू जितका लहान, तितका चुकीचा वाटा शिकवणाऱ्याकडे सरकतो. सतराव्या वर्षी थोडा, अकराव्या वर्षी बराच.

या चर्चेनंतर दोन दिवसांनी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं. रागवायला नाही, विचारायला. "त्या दिवशी खो मिळायच्या आधी का उठलीस गं?" ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, "मॅडम, मला खो ऐकू आला होता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्पर्धेत दोन मैदानं शेजारी शेजारी आखलेली होती. पलीकडच्या सामन्यात कुणीतरी "खो" म्हणालं आणि ही उठली. खो म्हणजे नुसता आवाज नव्हे, पाठीला हात लागायला हवा, तोंडाने शब्द यायला हवा. हे मी शिकवलं होतं, पण सरावात पाळलं नव्हतं. सरावात वेग यावा म्हणून आवाजावर उठलेलं मी चालवून घेत होते. आमचं मैदान शांत, एकच खेळ चाललेला, त्यामुळे कधी बिघडलं नाही. सवय मी लावली आणि स्पर्धेत ती तिच्या अंगावर आली.

आणि थोडं रेघेवर मागे गेले तर आणखीही दिसतं. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती आहे. शाळा सुटल्यावर पोरींना थांबवता येत नाही, अंधाराच्या आत घरी पोचायला हवं. सराव होतो तो परिपाठाआधी वीस मिनिटं आणि मधल्या सुट्टीत. ते पालक म्हणाले ते खरंच होतं, सराव कमी पडला. फक्त तो का कमी पडला हे मी त्यांना सांगितलं नाही, वर पोरींवर ढकलून मोकळी झाले.

त्या मुलीला मी सांगितलं की त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. सगळा दोष मात्र मी माझ्याकडे घेतला नाही. तसं केलं असतं तर तिला वाटलं असतं की आपल्या हातात काहीच नाही. म्हणून तिचा वाटा तिला दिला : पाठीला हात लागेपर्यंत उठायचं नाही, कुणी कितीही ओरडू दे. माझा वाटा मी घेतला. आता सरावात आम्ही मैदानाच्या बाजूला मुलांची दुसरी रांग बसवतो आणि तीही मुद्दाम "खो, खो" ओरडते. पहिल्या दिवशी नऊपैकी सहा मुली चुकीच्या आवाजावर उठल्या. ती त्यांत नव्हती.

त्या पालकांना परवा बाजारात गाठलं आणि वीस मिनिटांचा हिशोब सांगितला. ते म्हणाले, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास सराव घ्या, पोरींना घरी सोडायला माझा टेम्पो आहे. दोन शनिवार झाले, टेम्पो वेळेवर येतोय.